उत्तरासाठी सोडलेली जागा

पॅरिसच्या कॉमेदी फ्रान्सेज नाट्यगृहात १९३० च्या फेब्रुवारीत एक बाई रंगमंचावर एकटी होती आणि पाऊण तासाच्या आसपास टेलिफोनवर बोलत होती. पलीकडे तिचा प्रियकर. पाच वर्षांचा संबंध तोडून तो दुसरीशी लग्न करायला निघालेला. त्याचा आवाज प्रेक्षकांच्या कानी एकदाही पडला नाही. तरी नाटक संपेपर्यंत तो माणूस कसा आहे, कुठे कचरतो, कुठे थाप मारतो, कुठे त्यालाही गलबलून येते, हे साऱ्यांना नीट कळून चुकले होते. ज्याँ कॉक्तो या फ्रेंच कवी-नाटककाराचे हे नाटक, 'ला व्वा युमेन', म्हणजे माणसाचा आवाज. ती भूमिका बेर्त बोव्ही यांनी केली.

पलीकडे कोण, या प्रश्नाने लोक तेव्हाही अस्वस्थ झाले. सुरुवातीच्याच एका प्रयोगात पॉल एल्युआर हा कवी प्रेक्षागृहातून ओरडला. या बाईच्या तोंडून कॉक्तो स्वतःच्याच एका तरुण मित्राशी बोलतो आहे, असा त्याचा आरोप होता. आरोप असभ्य होता, पण त्यातून एक गोष्ट दिसते. रंगमंचावर रिकामी जागा ठेवली की प्रेक्षागृहातला माणूस तिथे कुणाला तरी आणून बसवतोच.

प्रेमाची आणि प्रेमभंगाची गोष्ट एकट्या नटाच्या हाती दिली की तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न आपसूक समोर येतो. प्रेम राहते कुठे? प्रेम करणाऱ्याच्या मनात, की दोघांच्या मध्ये? मार्टिन बूबर यांनी १९२३ सालच्या 'मी आणि तू' या जर्मन ग्रंथात दुसरी बाजू घेतली. त्यांच्या मते भावना माणसाच्या अंगी असते, पण प्रेम त्याच्या आत मावत नाही. ते 'मी' आणि 'तू' यांच्या मधोमध असते. हे मान्य केले तर एकपात्री नाटकात प्रेम अशक्यच ठरायला हवे. तिथे 'मी' आहे, 'तू' गैरहजर. जे दिसते ते फार तर प्रेमाची आठवण, किंवा एकट्याने घेतलेला भास.

प्रत्यक्षात एकपात्रीचा अनुभव याच्या उलट येतो. मोठ्या नटाच्या प्रयोगात गैरहजर माणूस इतका हजर होतो की त्याची बाजू घ्यावीशी वाटते, कधी त्याचा राग येतो. हे घडते कसे, याचे उत्तर संवादांत शोधून सापडत नाही. ते दोन वाक्यांच्या मध्ये सापडते. नट बोलतो, थांबतो, ऐकतो आणि मग जे ऐकले त्याने थोडा बदलून पुढचे बोलतो. ही जी उत्तरासाठी सोडलेली जागा, तिथे प्रेम असते. ती सोडली जाते तोवर प्रेमभंग पुरता झालेला नसतो, मग माणूस तोंडाने काहीही म्हणो.

कॉक्तोला हे पक्के ठाऊक होते. नाटकाच्या प्रस्तावनेत त्याने म्हटले आहे की नटीला इथे दोन भूमिका करायच्या आहेत, एक बोलण्याची आणि दुसरी ऐकण्याची. न दिसणाऱ्या पुरुषाचा स्वभाव तिच्या ऐकण्यातून आखला जातो. छापील संहितेत पानोपानी टिंबांच्या रांगा आहेत. त्या टिंबांच्या जागी तो बोलतो. बाई त्याला सांगते की मैत्रिणीबरोबर जेवून आले, छान कपडे घातले आहेत. प्रेक्षकांना दिसत असते की ती घरातच विस्कटलेली बसली आहे. मग हळूहळू खरे बाहेर येते: काल रात्री तिने झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या, मैत्रीण धावत आली म्हणून वाचली. मध्येच लाइन तुटते. घाबरून ती त्याच्या घरी फोन लावते, तर नोकर सांगतो, साहेब घरी नाहीत. म्हणजे इतका वेळ तो दुसरीकडूनच बोलत होता. पुन्हा त्याचा फोन येतो, आणि हे कळल्याचे ती त्याला पटकन कळू देत नाही. खोटेपणा उघडा पडल्यावरही ती त्याच्या बोलण्याला जागा देत राहते. नाटकातली सर्वांत असह्य क्षमा ती हीच, आणि तिच्यासाठी एकही वाक्य लिहिलेले नाही.

फ्रान्सिस पूलांक या संगीतकाराने १९५९ साली याच संहितेचा ऑपेरा केला. दनीज द्युव्हाल या गायिकेसाठी त्याने तो लिहिला. स्वरलिपीच्या सुरुवातीच्या सूचनांत पूलांक बजावतो की या कृतीत विरामांची लांबी फार महत्त्वाची आहे, आणि ती संगीत-संचालकाने गायिकेबरोबर बसून आधीच बारकाईने ठरवावी. संगीत देणाऱ्याने सर्वांत जास्त काळजी शांततेची घ्यावी, यातच या नाटकाची नाडी आहे. १९४८ मध्ये रोसेलिनीने आन्ना मान्यानीला घेऊन यावर चित्रपट केला, २०२० मध्ये आल्मोदोवारने टिल्डा स्विंटनला घेऊन लघुपट. दोरीवाला फोन जाऊन कानातले बिनतारी यंत्र आले, तरी बाई ऐकतेच आहे.

भारतीय नाट्यविचाराला ही जागा नवी नाही. भरतमुनींनी शृंगाराचे संभोग आणि विप्रलंभ असे दोन भाग केले आणि मग स्वतःलाच एक अडचणीचा प्रश्न विचारला. विप्रलंभात चिंता, निःश्वास, उन्माद, अगदी मरणापर्यंतच्या अवस्था येतात. मग तो शृंगार कसा, करुण का नाही? नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायातले उत्तर नेमके आहे. करुण हा निरपेक्ष भाव, विप्रलंभ हा सापेक्ष. आज आपण निःस्वार्थ या अर्थाने 'निरपेक्ष' म्हणतो, तो अर्थ इथे नाही. ज्याला आता कसलीच वाट पाहायची उरली नाही त्याचा शोक करुण. जो अजून वाट पाहतो आहे त्याचे दुःख विप्रलंभ. अश्रू दोन्हीकडे तेच. फरक भावनेच्या तीव्रतेत नाही, उत्तराची शक्यता जिवंत आहे की नाही यात आहे. एकपात्री प्रेमनाट्य पाहताना याहून उपयोगी कसोटी दुसरी नाही.

एकट्याने करायचे नाटकही भरतांनी दहा रूपकांत धरले आहे. त्याचे नाव भाण. रंगमंचावर एकच नट असतो, बहुधा विट, म्हणजे गणिकांच्या वस्तीत उठबस असलेला रसिक, बोलघेवडा माणूस. तो आकाशाकडे तोंड करून कुणाला तरी हाक मारतो, न दिसणाऱ्याचे बोलणे ऐकतो, 'काय म्हणतेस?' असे विचारून तेच आपल्या तोंडाने सांगतो आणि मग उत्तर देतो. याला आकाशभाषित म्हणतात. दिवाकरांच्या नाट्यछटा शाळेत ज्यांनी पाठ केल्या आहेत त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. दिवाकरांनी १९११ पासून नाट्यछटा लिहायला घेतल्या त्या ब्राउनिंगच्या नाट्यात्म स्वगतांवरून, पण समोरच्याचे बोलणे आपल्या उत्तरातून उभे करण्याची रीत या देशात कितीतरी आधीची होती.

चार जुने भाण 'चतुर्भाणी' या नावाने १९२२ साली एकत्र छापले गेले. त्यांतला वररुचीच्या नावावरचा 'उभयाभिसारिका' या विषयाला फार जवळचा आहे. पाटलिपुत्रात कुबेरदत्त आणि नारायणदत्ता यांचे बिनसले आहे. त्याने दुसरीच्या कलेची स्तुती केली, ही रुसून निघून गेली. समेट करायला विट निघतो. वाटेत हा भेटतो, ती भेटते, प्रत्येकीशी गप्पा, प्रत्येकाला टोमणे, आणि पोहोचतो तेव्हा कळते की वसंताच्या हवेने दोघांनाही घरी बसू दिले नाही. ती त्याच्याकडे निघाली, तो तिच्याकडे निघाला, वाटेतच भेट झाली. सगळे नाटकभर ज्याने एकट्याने बोलून रंगमंच भरला, त्याच्या बोलण्याची गरजच पडली नाही. प्रेम त्याच्या शब्दांच्या बाहेर, न दिसलेल्या रस्त्यावर, घडून गेले. मध्यस्थाला बोलू देणारा आणि प्रेमिकांना रंगमंचाबाहेर ठेवणारा हा नाटककार प्रेमाच्या बाबतीत बराच सुज्ञ असला पाहिजे.

कालिदासाने याच्याही पुढे जाऊन पाहिले. 'विक्रमोर्वशीय'चा चौथा अंक, सुरुवातीचा प्रवेशक आणि शेवटची भेट सोडली तर, जवळजवळ एकट्या पुरूरव्याचा आहे. गंधमादन पर्वतावर उर्वशी रागावली, स्त्रियांना मज्जाव असलेल्या कुमारवनात शिरली आणि वेल होऊन गेली. राजाला हे माहीत नाही. तो वेडापिसा होऊन रानात हिंडतो. मेघाला राक्षस समजून त्याच्यावर धावतो. मोर, कोकीळ, हंस, चक्रवाक, भुंगा, हत्ती, पर्वत, नदी, ज्याला त्याला तिचा पत्ता विचारतो, थांबतो, उत्तर येत नाही, पुढे जातो. एका नटाच्या बळावर तोललेला इतका मोठा विरह आपल्या अभिजात रंगभूमीवर क्वचितच असेल.

या अंकात सगळ्यांत मोलाचे वाटते ते भेटीनंतरचे एक छोटेसे बोलणे. संगमनीय मणी हाती घेऊन पुरूरवा एका वेलीला मिठी मारतो आणि वेलीच्या जागी उर्वशी उभी राहते. ती सांगते की वेल होऊन उभी असताना अंतःकरणाने ती त्याचे सारे पाहत होती. म्हणजे राजाला वाटत होते की रान मुके आहे, आपण एकटेच बडबडतो आहोत. खरे तर ज्याच्यासाठी तो बोलत होता तो श्रोता तिथेच होता. तिला बोलता येत नव्हते, एवढेच. एकट्याच्या बोलण्याबद्दल याहून धीर देणारी कल्पना सापडणे कठीण. पण कालिदास ती स्वस्तात देत नाही. बोलत असताना राजाला याचा पत्ता नव्हता. आपले कुणी ऐकत नाही असे समजूनच त्याला अंकभर बोलावे लागले.

या ठिकाणी विषय नाटकातून धर्मात शिरतो, आणि शिरायलाच हवा. उत्तर न देणाऱ्याशी बोलत राहणे यालाच माणसे प्रार्थना म्हणत आली आहेत. स्पिनोझाने या व्यवहारातला परताव्याचा भागच काढून टाकला. १६७७ साली त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'एथिक्स'च्या पाचव्या भागात तो म्हणतो की जो खरोखर ईश्वरावर प्रेम करतो, त्याला ईश्वराने आपल्यावर उलट प्रेम करावे अशी खटपट करताच येत नाही. तशी इच्छा धरणे म्हणजे ईश्वर ईश्वर नसावा अशी इच्छा धरणे. विचार भव्य आहे. पण त्यात विराम नाही. स्पिनोझाच्या भक्ताला थांबून ऐकायचे कारण उरत नाही.

भक्तिमार्गाने दुसरी वाट धरली. नारदभक्तिसूत्रांत ब्याऐंशीव्या सूत्रात प्रेमभक्तीची अकरा रूपे दिली आहेत. सख्य, वात्सल्य, कांता, आत्मनिवेदन, मग तन्मयता. एकरूप झाल्यावर यादी संपायला हवी. ती संपत नाही. तन्मयतेच्या पुढे शेवटचे रूप येते ते परमविरहाचे. एकरूप होऊनही वाट पाहणे उरते, किंबहुना तिथेच ते सर्वांत तीव्र होते, असे सूत्रकाराला म्हणायचे असावे. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत हेच रंगमंचावर आल्यासारखे दिसते. तिथे एकटी स्त्री बोलते. कावळ्याचे ओरडणे ऐकून ती शकुन विचारते, त्याला दहीभात देऊ करते, पाय सोन्याने मढवीन म्हणते, आणि पंढरीचा पाहुणा कधी येईल ते सांग म्हणते. पुरूरवा पक्ष्यांना विचारतो तसेच. ज्याने अद्वैत इतक्या अधिकाराने सांगितले, त्याच ज्ञानेश्वरांनी विरहिणीचा आवाज घ्यावा आणि उत्तरासाठी कावळ्यापाशी थांबावे, याचा अर्थ अद्वैत त्यांना कमी पडले असा नाही. त्यांच्या अद्वैतात दुसऱ्यासाठी जागा होती.

नारदीय कीर्तनात तर हे रोजच्या परिचयाचे आहे. उत्तररंगात नल-दमयंतीचे आख्यान लागले की बुवा एकटेच दोघे होतात. उपरण्याचे टोक डोक्यावर आले की दमयंती, खांद्यावर टाकले की नल. रानात टाकून दिलेली दमयंती हाका मारते तेव्हा समोरची माणसे तिला उत्तर देऊ शकत नाहीत, पण नामाचा गजर करू शकतात. बुवांनी सोडलेली जागा मंडळी भरतात. एकपात्रीचा प्रेक्षक अंधारात गप्प बसलेला असतो. कीर्तनाच्या श्रोत्याला ती मुभा नाही, त्याला उत्तराच्या बाजूने उभे राहावे लागते.

ही जागाच नाहीशी झाली तर काय होते, हे पाहायचे तर सॅम्युएल बेकेटकडे जावे. 'क्रॅप्स लास्ट टेप' २८ ऑक्टोबर १९५८ रोजी लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये पहिल्यांदा झाले. पॅट्रिक मगी या नटाचा रेडिओवर ऐकलेला खरखरीत आवाज बेकेटच्या मनात बसला होता, त्यातून हे नाटक आले आणि मगीनेच ते केले. क्रॅप एकोणसत्तर वर्षांचा आहे. दर वाढदिवसाला तो आपला आवाज टेपवर उतरवून ठेवतो. आज तो एकोणचाळिसाव्या वर्षीची टेप काढून ऐकतो, आणि त्या टेपवरचा क्रॅप आपल्या त्याहून तरुण आवाजाची टिंगल करत असतो. टेपरेकॉर्डर तेव्हा इतके नवे होते की तीस वर्षांपूर्वीची टेप शक्य व्हावी म्हणून बेकेटने नाटकाचा काळ भविष्यातला ठरवला.

टेपवर एका रात्रीच्या मोठ्या साक्षात्काराचे वर्णन येते. एकोणचाळिसाव्या वर्षी त्याला तेच आयुष्याचे सार वाटले होते. म्हातारा क्रॅप वैतागून ती टेप पुढे पळवतो. त्याला हवा असतो नावेतला प्रसंग. एक मुलगी, दुपारचे ऊन, पुढे जाण्यात अर्थ नाही असे त्याने म्हटले आणि तिने डोळे न उघडता मान्य केले. तो ती टेप परत परत लावतो. यंदाची नवी टेप भरायला बसतो, ती अर्धवट फेकून देतो आणि पुन्हा नावेकडे वळतो. शेवटी टेप आवाजाविना फिरत राहते आणि तो समोर बघत बसलेला असतो.

कॉक्तोची बाई आणि क्रॅप यांत अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे, दोघांच्याही हाती यंत्र आहे. पण फोनच्या शांततेत कुणीतरी श्वास घेत असतो. टेपच्या शांततेत कुणी नसते. भरतांच्या भाषेत पहिली सापेक्ष, दुसरी निरपेक्ष. विशेष म्हणजे क्रॅपचे कुणी मेलेले नाही. ती मुलगी कुठेतरी असेलही. त्याने प्रेम नाकारले ते मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून, आणि मग बोलायला फक्त स्वतःच उरला. प्रेमभंगाचे हे सर्वांत थंड रूप आहे: दुसऱ्याने सोडून जाण्याचे नव्हे, आपणच दुसऱ्याची जागा आपल्या आवाजाने भरून टाकण्याचे. हॅरल्ड पिंटर यांनी २००६ साली, आजाराने खंगलेले असताना, रॉयल कोर्टमध्येच चाकाच्या खुर्चीत बसून ही भूमिका केली.

भरतांची सीमारेषा मात्र प्रत्येक वेळी इतकी स्वच्छ राहत नाही. लेखिका जोन डिडियन यांचे पती जॉन ग्रेगरी डन ३० डिसेंबर २००३ रोजी जेवणाच्या टेबलाशी अचानक गेले. त्यावरचे त्यांचे 'द इयर ऑफ मॅजिकल थिंकिंग' हे पुस्तक २००५ मध्ये आले आणि २००७ मध्ये ब्रॉडवेवर व्हनेसा रेडग्रेव्ह यांनी ते एकटीने केले. दिग्दर्शन डेव्हिड हेअर यांचे. नवऱ्याचे कपडे देऊन टाकताना डिडियन जोड्यांपाशी अडतात, कारण तो परत आला तर त्याला जोडे लागतील. बाई शहाणी आहे, मृत्यूचा अहवाल तिने वाचला आहे. तरी जोडे ठेवले जातात. शास्त्राप्रमाणे इथे करुण हवा, कारण वाट पाहण्यासारखे काही उरले नाही. हृदय मात्र विप्रलंभातच आहे. निरपेक्ष होणे ही एका दिवसात होणारी गोष्ट नाही, त्याला एक अख्खे वर्ष आणि एक अख्खे नाटक लागू शकते.

एक आक्षेप राहतो आणि तो गंभीर आहे. एकटा बोलतो तेव्हा बाकीच्यांना गप्प बसावे लागते. प्रेमभंगाला दोन बाजू असतात, एकपात्रीत एकच मिळते. ब्राउनिंगच्या १८४२ सालच्या 'माय लास्ट डचेस'मधला सरदार आपल्या मृत बायकोबद्दल बोलतो. ती फक्त भिंतीवरचे चित्र असते. तिने काय सोसले ते त्याच्या बोलण्याच्या फटींतून वाचकाने ओळखायचे. उत्तराची जागा सोडणारा आणि उत्तर बुजवून टाकणारा, दोघेही वरवर सारखेच बोलतात.

गिरीश कार्नाड यांनी उत्तरायुष्यात दोन एकपात्री लिहिली, आणि दोन्हींत हाच आक्षेप त्यांनी अंगावर घेतला असे दिसते. पहिले 'फ्लॉवर्स'. राजित कपूर यांनी रॉयस्टन एबल यांच्या दिग्दर्शनाखाली ते केले. गोष्ट चित्रदुर्गाकडची, कानडी दंतकथेतली. शिवमंदिराचा एक पुजारी, लिंगाला फुलांनी सजवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पिंडीशी त्याचे नाते सख्याचे आहे, मनातले सारे तिच्यापाशी बोलायचे. मग एक गणिका त्याच्या आयुष्यात येते. देवाची फुले तिच्या अंगावर चढू लागतात. एका रात्री घाई होते, तिच्या अंगावरची फुले परत गाभाऱ्यात जातात आणि तिथल्या सत्ताधीशाच्या, पाळेगाराच्या, हातातल्या प्रसादात एक लांब केस निघतो. केस कुणाचा? पुजारी सांगतो, देवाचा. पाळेगार म्हणतो, दाखव. मुदत मिळते. पुजारी पिंडीपुढे पडून राहतो. आणि लिंगावर खरोखरच लांब केस उगवतो.

आतापर्यंतच्या प्रत्येक नाटकात उत्तर ऐकू येत नव्हते, किंवा उशिरा येत होते. इथे देव उत्तर देतो. जनाबाईच्या कथांत विठ्ठल जात्याला हात लावतो तेव्हा जनीला सुख होते, कारण तिने लपवलेले काही नसते. या पुजाऱ्याने मागितले ते खोटे झाकण्यासाठी, आणि देवाने स्वतःचे रूप विद्रूप करून घेऊन ते झाकले. लोक त्याला संत म्हणू लागतात. त्याला मात्र हे सोसत नाही. ज्याच्याशी प्रतारणा केली त्यानेच आपल्यासाठी खोटी साक्ष दिली. आता त्याच्यापुढे उभे कसे राहायचे? तो मंदिराच्या तळ्यात जीव द्यायला निघतो. देवाच्या मौनाने भक्त मोडतो हे धर्मग्रंथांनी अनेकदा सांगितले आहे. देवाच्या उत्तराने मोडलेला हा भक्त दुर्मीळ आहे. प्रेमातला अपराध क्षमा झाल्यावर हलका होतो ही समजूत कार्नाड इथे तपासून पाहतात आणि ती टिकत नाही, कारण या क्षमेत बोलणे झालेलेच नाही. देवाने केस दिला, पण त्याला काही विचारले नाही.

आणि पुजाऱ्याची बायको? ती घरी आहे, सारे जाणून आहे. नाटक एकाचे, म्हणून तिला वाक्य नाही. देवाला उत्तर देता आले, बायकोला नाही. पुजारी देवाच्या क्षमेने इतका हादरतो की जिच्याकडे क्षमा मागणे सर्वांत सोपे होते तिच्यापाशी तो थांबत नाही. नाटकाचे हे वैगुण्य मानता येईल. पण ते नाटककाराच्या ध्यानात होते असे मानायला जागा आहे, कारण दुसऱ्या एकपात्रीत त्यांनी गप्प माणसाला बोलते केले.

ते 'ब्रोकन इमेजेस', कानडीत 'ओडकलु बिंब'. २००५ साली बंगळूरच्या रंगशंकरात अरुंधती नाग यांनी ते केले, पुढे अलेक पदमसींच्या दिग्दर्शनात शबाना आझमींनी. मंजुळा नायक ही लेखिका दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत आपल्या गाजलेल्या कादंबरीबद्दल आणि दिवंगत अपंग बहीण मालिनीबद्दल गोड भाषण करते. निघताना पडद्यावरची तिचीच प्रतिमा बोलू लागते आणि प्रश्न विचारते. हळूहळू कळते की कादंबरी मालिनीची होती, आणि नवऱ्याचे मनही मालिनीकडेच गेले होते. मालिनी नाही, नवरा परदेशी गेला. त्यांच्या बाजूने विचारायला उरली ती मंजुळेचीच छबी.

प्रयोगात ही छबी आधी चित्रित केलेली असते. तिचे प्रश्न, तिचे हसणे, तिचे थांबणे, सगळ्यांची लांबी ठरलेली. पूलांकने संगीत-संचालकाला गायिकेबरोबर बसून विराम आधी ठरवून घ्यायला सांगितले होते. इथे ते ठरवणे नटीच्या हाती उरतच नाही. जिवंत बाईला आपले खोटे तेवढ्याच सेकंदांत संपवावे लागते, कारण पडद्यावरची बाई तिच्यासाठी थांबणार नाही.